पांढऱ्या फुलाचा पत्ता

बाटुमीच्या बाजारात भाजीवाल्यांची ओळ संपते तिथे एक म्हातारी पालथ्या बादलीवर बसली होती. समोर प्लास्टिकच्या डब्यात चार बोटं पाणी, आणि पाण्यात फुलांच्या दहा-बारा जुड्या. प्रत्येक जुडीला रुंद हिरव्या पानांचा वेढा आणि वरून दोऱ्याचे तीन फेरे. फुलं अंगठ्याच्या पेराएवढी, दुधासारखी पांढरी, सगळीच्या सगळी मान खाली घातलेली. मार्चचा पहिला आठवडा होता आणि काळ्या समुद्रावरून येणारा वारा कानाला झोंबत होता. दोन दिवसांवर महिला दिन आलेला. जॉर्जियात ८ मार्चला सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्या दिवशी बाईच्या हातात फूल द्यायचं म्हणजे द्यायचंच. म्हातारीचा धंद्याचा दिवस.

माझी भाची तिथे मेडिकलला आहे. महाराष्ट्रातली बरीच मुलं आता जॉर्जियात डॉक्टरकी शिकायला जातात, त्यांच्यातली एक. तिने म्हातारीला ‘बेबो’ अशी हाक मारली. बेबो म्हणजे आजी. मग भाव विचारला, एक जुडी घेतली आणि फुलाचं नाव विचारून मला सांगितलं : तेत्रक्वाविला. तेत्री म्हणजे पांढरं, क्वाविली म्हणजे फूल. पांढरं फूल, बस्स. शेजारच्या तुर्कस्तानात याच फुलाला कारदेलेन म्हणतात, म्हणजे बर्फ भेदणारं. तिकडे २००० साली गरीब घरातल्या मुलींच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीची मोठी मोहीम सुरू झाली, तिलाही हेच नाव दिलं गेलं. इंग्रजीत स्नोड्रॉप. मराठीत या फुलाला नाव नाही. आपल्याकडे बर्फ फोडून वर यायची वेळ कुठल्या फुलावर येणार? म्हणून या लेखात मी त्याला स्नोड्रॉपच म्हणतो.

संपादकांनी यंदा ‘दुर्मीळ’ हा विषय दिला, तेव्हा मला पहिल्यांदा हेच फूल आठवलं. कारण मात्र फुलाचं नव्हतं. ते एका गोळीचं होतं.

गोळीच्या पाकिटावरचं नाव

माझी साताऱ्याची आत्या शेवटची चार वर्षं माणसं विसरत गेली. आधी नातवंडांची नावं, मग सुनांची, मग स्वतःच्या घराचा जिना. डॉक्टरांनी सकाळच्या खाण्याबरोबर घ्यायची एक गोळी लिहून दिली होती. ती द्यायची पाळी माझ्यावर असली की मी पाकिटावरचं नाव वाचत असे : गॅलँटामाइन. आजार त्याने बरा होणार नव्हता. उतरणीचा वेग थोडा कमी होईल, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. मेंदूत निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं एक द्रव्य असतं, ते मोडून टाकणाऱ्या विकराला हे औषध आवरून धरतं. निरोप थोडा जास्त वेळ टिकतो. आत्या कधीकधी सकाळी मला नावाने हाक मारायची, ती बहुधा त्या टिकलेल्या निरोपाचीच.

गोळीचं नाव आलं गॅलँथस या लॅटिन नावावरून. लिनियसने १७५३ मध्ये स्नोड्रॉपच्या वंशाला ते दिलं. ग्रीकमध्ये गाला म्हणजे दूध आणि अँथोस म्हणजे फूल. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ प्रोस्कुर्निना आणि याकोव्लेवा यांनी १९५२ मध्ये गॅलँटामाइन वेगळं काढलं ते कॉकेशसमधल्या गॅलँथस वोरोनोवी या जातीच्या कांद्यांतून. म्हातारीच्या डब्यात होती तीच ही जात. पुढे बल्गेरियात दिमितर पास्कोव यांनी त्याचं औषध केलं, पोलिओने लुळ्या पडलेल्या स्नायूंसाठी ते वापरलं गेलं, आणि २००१ मध्ये अमेरिकेने ते स्मृतिभ्रंशासाठी मान्य केलं. आता ते डॅफोडिलसारख्या भाईबंदांपासून काढतात किंवा प्रयोगशाळेत बनवतात, त्यामुळे औषधापायी स्नोड्रॉप खणावे लागत नाहीत. होमरच्या ‘ओडिसी’त सर्सीच्या जादूवर उतारा म्हणून ‘मोली’ नावाची वनस्पती येते : मूळ काळं, फूल दुधासारखं. ती स्नोड्रॉपच असावी, असं १९८३ मध्ये दोन डॉक्टरांनी मांडलं. सर्सीने भुलवलेली माणसं घर विसरतात, आणि हे औषधही विसरण्यावरचंच. मला हा तर्क पटतो.

जाता जाता एक नातं सांगून ठेवतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे कुळांची फेरमांडणी केली, तेव्हा आपला कांदा आणि लसूण स्नोड्रॉपच्या कुळात येऊन बसले. अंगणातला नागदवणा तर आधीपासून त्यातच होता. म्हणजे लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरवर लादलेला कांदा आणि कॉकेशसच्या बर्फातलं हे फूल एकाच खानदानातले. स्नोड्रॉपचा कांदा मात्र विषारी आहे, खाल्ला तर उलट्या होतात.

मक्याच्या शेतातले कांदे

गॅलँथसच्या वीसहून थोड्या अधिक जाती आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा तुर्कस्तान, कॉकेशस आणि भोवतालच्या डोंगरांत आहेत. इंग्लंडातल्या चर्चच्या आवारात फेब्रुवारीत जे पांढरे गालिचे दिसतात, ते मुळात बाहेरून आणून लावलेले. शोभेसाठी रानातून खणून विकल्या जाणाऱ्या कंदांमध्ये जगात सर्वांत मोठा व्यापार या फुलाचाच आहे.

हा व्यापार कसा चालतो ते पाहायला आम्ही बाटुमीच्या मागच्या डोंगरातल्या एका खेड्यात गेलो. वाटेत उतारावर संत्र्यांच्या जातीतल्या मँडरिनच्या बागा, हेझलनटची झुडपं, सोव्हिएत काळातल्या चहाच्या मळ्यांची रानटी झालेली झाडं. भाची मला मामा म्हणते आणि जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील. त्यामुळे गावात सगळ्यांनी मला तिचा बापच समजून पाहुणचार केला. म्चादी नावाची मक्याची भाकरी, सोबत खारट चीज. भाकरी तव्यावरून थेट हातात आली तेव्हा थोडं घरी असल्यासारखं वाटलं.

घरामागे खांबांवर उभी केलेली मक्याची लाकडी कणगी होती, आणि तिच्या पलीकडे उतारावर मक्याचं शेत. मका निघून गेलेला. बांधाच्या कडेने, हेझलनटच्या सावलीत, दोन-तीन गुंठे जागा पूर्ण पांढरी दिसत होती. घरधन्याने ‘तोखी’ आणली. तोखी म्हणजे कुदळ, आपल्या खुरप्याची मोठी बहीण. एका गड्ड्याच्या बाजूने ती तिरकी घातली आणि अख्खा गड्डा मातीसकट उचलला.

त्याने माती झटकली आणि कांदे माझ्या तळहातावर ठेवले. बारा-तेरा असतील. सर्वांत मोठा लसणाच्या जाड पाकळीएवढा, तपकिरी पापुद्र्याचा. त्याला चिकटून दोन मधले. आणि त्यांच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं, प्रत्येकाला केसासारखं एक पान. घरधन्याने बोटाने दाखवलं : हा जाणार, हे राहणार. मग सगळा गड्डा होता तसा खड्ड्यात ठेवला आणि पायाने माती दाबली. ही काढणीची वेळ नव्हती, मला दाखवण्यापुरतंच त्याने ते उकरलं होतं.

काढणी मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला होते, पानं पिवळी पडून झोपली की. तेव्हा कांद्यात वर्षभराचं अन्न भरलेलं असतं आणि तो गाढ झोपेत असतो. खणून, चाळून, ठरलेल्या घेराचे मोठे कांदे पोत्यात जातात, लहान परत मातीत. मोठा उचलला की पिल्लांना जागा मिळते. दोन-तीन वर्षं ती जागा सोडून द्यायची, मग पुन्हा तीच. पोतं तुर्कस्तानमार्गे हॉलंडला जातं, तिथून युरोपभरच्या बागांच्या दुकानांत. पुण्या-मुंबईचे आपले नातेवाईक लंडनच्या घरापुढे कुंडीत जो स्नोड्रॉप लावतात, तो या बांधावरून गेलेला असू शकतो.

या सगळ्यावर कायदा आहे. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने १९९० पासून गॅलँथसच्या सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात टाकल्या. दुसरं परिशिष्ट म्हणजे व्यापार चालेल, पण परवान्याने, आणि आधी त्या देशाच्या शास्त्रज्ञांनी ‘एवढे काढले तर रानाला धक्का बसणार नाही’ असं सांगायला हवं. हा नियम येण्याआधी, ऐंशीच्या दशकात, तुर्कस्तानच्या डोंगरांतून दरवर्षी कोट्यवधी कांदे बाहेर गेले आणि कित्येक उतार रिकामे झाले. पुढे तिथल्या तोरोस डोंगरातल्या गावांत लोकांनी शेतात कांदा वाढवून विकावा असा प्रकल्प झाला आणि तो रुजलाही. जॉर्जियाने वोरोनोवी या एका जातीसाठी वर्षाला दीड कोटी कांद्यांचा कोटा ठरवला. तो फार आहे की बरोबर, हे पाहायला २००९च्या सुमारास लंडनच्या क्यू उद्यानातले आणि जॉर्जियातले शास्त्रज्ञ डोंगर पालथे घालत फिरले, चौरस आखून कांदे मोजत.

या खेड्यात जाण्यापूर्वी माझं मत साधं होतं : रानातलं फूल खणून विकणं बंद झालं पाहिजे. परत येताना ते तसं राहिलं नाही. त्या बांधावरची फुलं टिकली आहेत, कारण त्यांच्यावर घरात चार पैसे येतात. पैसे येतात म्हणून तिथे घर बांधायचं, जेसीबी लावायचा की नाही, याचा विचार होतो. म्हातारीच्या जुडीचंही तसंच. फूल खुडलं की त्या साली बी धरत नाही हे खरं, पण कांदा मातीत राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर येतो. जी जात मुबलक आहे आणि जिची माणसाला सवय आहे, तिचं असं निभावतं.

अडचण आहे ती दुसऱ्यांची.

रडणारा डोंगर

बाटुमीच्या ईशान्येला म्तिराला नावाचा डोंगर आहे. नावाचा अर्थ रडणारा. समुद्रावरचे ढग येऊन त्यालाच अडतात आणि वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोली पाहिलेल्या माणसाला हा आकडा नवा नाही, पण इथे त्या पावसाचा मोठा वाटा बर्फ होऊन येतो. इथलं जंगल हिमयुगातही तग धरून राहिलं. २०२१ मध्ये युनेस्कोने या ‘कोल्किक वर्षावनां’ना जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपल्या पश्चिम घाटाला, त्यात कास पठारही आलं, तो २०१२ मध्ये मिळाला होता.

याच डोंगररांगांत आम्ही एक दिवस चढलो. नेमकं कुठे, ते लिहिणार नाही. सोबत एक निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ बाई होत्या, त्यांना भाची आदराने ‘कालबातोनो’ म्हणत होती, आणि एक वनरक्षक. बाईंनी निघतानाच अट घातली होती : फोनमधलं ठिकाण नोंदवणारं बटण बंद करायचं, आणि ते बंद केल्याचं त्यांना दाखवायचं. आम्ही दाखवलं.

बीचची झाडं अजून उघडी होती. खाली सदाहरित ऱ्होडोडेंड्रॉनची जाळी, तिच्यावर वितळत्या बर्फाचे ढिगारे, आणि सगळीकडे थेंबांचा आवाज. हजार मीटरच्या वर गेल्यावर वनरक्षक थांबला आणि त्याने काठीने एका ओहोळाकडे दाखवलं. आदल्या रात्री कडाक्याची थंडी पडली होती. काठावरची फुलं उकडलेल्या भाजीसारखी जमिनीवर लोळत होती. मला वाटलं, मेली. बाईंनी थांबायला सांगितलं. ऊन ओहोळात उतरायला अर्धा तास लागला. मग एकेक देठ हळूहळू ताठ होत वर आला आणि फूल पुन्हा लोंबायला लागलं. थंडीत पेशींमधलं पाणी बाहेर सरकतं आणि बर्फ पेशीच्या बाहेर होतो, म्हणून पेशी फुटत नाही. देठ लोळतो, पण मरत नाही. पानाचं टोकही मुद्दाम कठीण असतं, बर्फातून वाट काढण्यासाठी.

आता ओळख पटवायची होती. बाईंनी मला ओल्या पाचोळ्यावर पालथं झोपायला लावलं आणि हातात भिंग दिलं. स्नोड्रॉपला सहा पाकळ्या असतात. बाहेरच्या तीन मोठ्या, चमच्यासारख्या. आतल्या तीन आखूड. बहुतेक जातींत आतल्या पाकळीच्या टोकाला एक खाच असते, उलट्या बदामासारखी, आणि खाचेभोवती हिरवा ठिपका. बाजारातल्या जुडीत मी ती खाच पाहिली होती. इथे बोटाने फूल अलगद उलटं केलं, बाहेरची पाकळी बाजूला सारली, तर आत खाच नव्हतीच. आतली पाकळीही टोकाला निमुळती होत गेलेली, टोकापाशी हिरवट डाग. दोन पानं एकमेकांना गुंडाळून उभी, रुंद आणि चकचकीत.

गॅलँथस क्रास्नोवी. पश्चिम जॉर्जिया आणि त्याला लागून असलेला तुर्कस्तानचा ईशान्य कोपरा, एवढंच तिचं जग. खोख्रियाकोव या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये तिची नोंद केली आणि आंद्रेई क्रास्नोव यांचं नाव तिला दिलं. क्रास्नोव यांनी १९१२ मध्ये बाटुमीचं वनस्पती उद्यान उभं केलं. त्याआधी, १८९५ मध्ये, चहाची शेती कशी करतात हे शिकायला ते भारत, सिलोन, चीन, जपान असे फिरून आले होते. त्या उद्यानातच, समुद्राकडे तोंड करून असलेल्या उतारावर, त्यांची कबर आहे. दुसऱ्या दिवशी मी तिथे जाऊन आलो.

ओहोळाच्या काठावर मी मोजली ती सत्तेचाळीस फुलं होती. बाई म्हणाल्या, मोजणं सोपं आहे, वाढणं अवघड. फूल फळलं की देठ जमिनीवर आडवा होतो, बोंड फुटतं. प्रत्येक बीला एक मऊ, स्निग्ध शेपटी असते. त्या खाऊसाठी मुंग्या बी ओढून वारुळात नेतात, शेपटी खातात, बी टाकून देतात, आणि ते तिथे रुजतं. मुंगी नेईल तेवढंच फुलाचं गाव पसरतं. एका पिढीत काही हात. बीपासून पहिलं फूल यायला तीन-चार वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. एक ओहोळ रिकामा झाला, तर पलीकडच्या ओहोळातून फूल आपणहून तिथे कधी यायचं?

आणि झोपलेल्या कांद्यावर जात लिहिलेली नसते. जूनमध्ये पानं गेल्यावर क्रास्नोवीचा कांदा आणि वोरोनोवीचा कांदा शेजारी ठेवला, तर खणणाऱ्याला फरक सांगता येत नाही. मक्याच्या बांधावर खणणाऱ्याच्या हातून ही चूक होणार नाही, कारण तिथे दुसरी जात नाहीच. वर जंगलात कुणी पोतं घेऊन गेला, तर होऊ शकते.

नाव मिळालं तेव्हा

क्रास्नोवीला निदान नाव वेळेवर मिळालं. तिच्या उत्तरेच्या बहिणीची गोष्ट मला बाईंनी परतीच्या वाटेवर सांगितली.

उत्तर कोल्किसमध्ये, म्हणजे जॉर्जियाच्या वायव्य कोपऱ्यापासून रशियाच्या सोची शहराकडे जाणाऱ्या डोंगरांत, एक स्नोड्रॉप आहे. पान्युतिन नावाच्या गिर्यारोहक निसर्गप्रेमीने तो फार पूर्वी वेगळा म्हणून ओळखला होता, त्याला नावही दिलं होतं. पण वनस्पतीचं नाव ग्राह्य धरायला काही शास्त्रीय अटी पुऱ्या कराव्या लागतात. त्या पुऱ्या झाल्या नाहीत आणि नाव बाद ठरलं. अनेक दशकं ते फूल कागदावर नव्हतंच. २०१२ मध्ये युक्रेनचे दिमित्री झुबोव आणि क्यूचे अ‍ॅरन डेव्हिस यांनी त्याची रीतसर नोंद केली आणि पहिल्या शोधकाची आठवण म्हणून नाव ठेवलं गॅलँथस पान्युतिनी.

नोंद झाली तेव्हा तो फक्त पाच ठिकाणी सापडत होता, सगळं मिळून अंदाजे २० चौरस किलोमीटर. नोंद करतानाच त्याला धोक्यात आलेल्यांच्या यादीत टाकावं लागलं. आणि त्या पाचांपैकी एक जागा गेली होती. सोचीला २०१४ चे हिवाळी ऑलिंपिक व्हायचे होते, त्यांच्या बांधकामात ती नष्ट झाली.

हे ऐकल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. प्रकल्पाआधी पर्यावरणाच्या परिणामांचा अहवाल करायचा असतो, तेव्हा कोणत्या दुर्मीळ वनस्पती आहेत त्यांची यादी काढतात. ज्याला ग्राह्य नाव नाही, ते त्या यादीत येणार कसं? पान्युतिनी जमिनीवर होता, फुलत होता, मुंग्या त्याचं बी नेत होत्या. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळासारखी त्याची गत झाली.

ऑलिंपिकने आणखी एक पाहुणा आणला. सोचीच्या शोभेसाठी २०१२ मध्ये इटलीतून बॉक्सवुडची रोपं आली, त्यांच्यावरून एका पतंगाच्या अळ्या आल्या. त्या वायव्य कोपऱ्यातल्या अबखाझियामार्गे जॉर्जियात उतरल्या आणि कोल्किसचं शेकडो वर्षांचं बॉक्सवुड त्यांनी खाऊन टाकलं. म्तिरालाच्या वाटेवर वनरक्षकाने मला ती झाडं दाखवली होती. राखाडी, निष्पर्ण, शेवाळाने मढलेले सांगाडे. त्यांच्या दाट सावलीत वाढणारं जे जे होतं, त्याच्यावर आता उघडं ऊन पडतं.

पान्युतिनीच्या उरलेल्या जागा पाहायला जाणंही सोपं नाही. १९९२-९३ च्या युद्धापासून अबखाझिया जॉर्जियाच्या ताब्यात नाही, आणि २००८ च्या युद्धानंतर ती सीमा अधिकच घट्ट झाली. तिबिलिसीतला शास्त्रज्ञ स्वतःच्या देशाच्या नकाशावरच्या डोंगरात फूल मोजायला जाऊ शकत नाही.

हौसेची किंमत

इंग्लंडात स्नोड्रॉपवेड्यांना गॅलँथोफाइल म्हणतात. फेब्रुवारीच्या थंडीत ही माणसं बागांतून गुडघ्यांवर बसून फुलं उलटी करून पाहतात, मी पाहिली तशीच. हिरव्या ठिपक्याऐवजी पिवळा, किंवा ठिपकाच नाही, एवढ्या फरकावर किंमत ठरते. २०१५ मध्ये ‘गोल्डन फ्लीस’ नावाचा एक कांदा लिलावात १,३९० पौंडांना गेला. २०२२ मध्ये ‘गोल्डन टिअर्स’चा एक कांदा १,८५० पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या भावाने पावणेदोन लाख रुपयांच्या वर. हे बागेत तयार झालेले वाण आहेत, त्यांच्यासाठी रान कुणी खणलेलं नाही. उलट चांगला बागवान एका कांद्याच्या पाकळीसारख्या बारीक फोडी करून त्यांतून डझनावारी कांदे वाढवतो. पण जिथे एका कांद्याला एवढी किंमत मिळते, तिथे कुणीतरी ‘अजून कुणाकडेच नसलेला’ कांदा शोधायला रानात जातो. दुर्मीळ जातीला गावकऱ्याच्या पोत्यापेक्षा मला या एका खिशाची भीती जास्त वाटते. पोत्याचा हिशेब कोट्यात लागतो, खिशाचा कुठेच लागत नाही.

तुर्कस्तानात बुर्साजवळचं उदाहरण ताजं आहे. तिथल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी सुट्टीतले फोटो फेसबुकवर टाकले. ते पाहताना झुबोव यांना त्यातला स्नोड्रॉप वेगळा वाटला. तो खरोखरच नवी जात निघाला. २०१९ मध्ये त्याला गॅलँथस बुर्सानस हे नाव मिळालं, आणि जाहीर होतानाच तो नष्ट होण्याच्या काठावर असल्याचं सांगावं लागलं. बेकायदा खणणं हे त्यातलं एक कारण. त्याच्याही आधी, २००१ मध्ये, प्राचीन ट्रॉयच्या परिसरातून गॅलँथस ट्रोयानसची नोंद झाली होती, तोही अतिसंकटग्रस्त. ज्या फोटोने बुर्सानसला नाव मिळवून दिलं, तशाच फोटोने उद्या एखाद्या फुलाचा पत्ता चोराला मिळू शकतो. म्हणून बाईंनी आधी फोनचं बटण बंद करायला लावलं होतं.

आपले कंदील

घरी परतल्यावर मी कोल्हापूरच्या बाजूला राहणाऱ्या एका मित्राला हे सगळं सांगितलं. तो पावसाळ्यात कंदीलपुष्पांच्या मागे असतो. कंदीलपुष्पं, म्हणजे सेरोपेजिया, हीसुद्धा कंदावर जगणारी. सह्याद्रीत त्यांच्या कित्येक जाती फक्त एखाद्या कड्यावर, एखाद्या सड्यावर राहिल्या आहेत. त्यांना खर्चुडी म्हणतात, आणि डोंगरातल्या गुराख्यांच्या पोरांनी त्यांचे कंद पिढ्यान्‌पिढ्या उकरून खाल्ले आहेत. शिवाजी विद्यापीठातल्या डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यातल्या दुर्मीळ जाती हुडकल्या, त्यांची रोपं केली, विद्यापीठाच्या बागेत जपली. मित्राने सांगितलं की त्यानेही फोटोखाली जागेचं नाव लिहिणं काही वर्षांपूर्वी थांबवलं. एका फोटोनंतर पुढच्याच पावसाळ्यात तो गेला, तेव्हा रोपाच्या जागी खड्डा होता.

गुराख्याच्या पोराने कंद खाल्ला तरी त्याला ती जागा माहीत असते, आणि पुढच्या वर्षी तिथे काही उगवलं नाही तर पहिल्यांदा त्यालाच कळतं. ज्याने ठिकाण फोनवर शोधलं, कंद काढला आणि गाडीत घालून नेला, त्याला ती जागा पुन्हा बघायचीच नसते. दुर्मीळ फुलाजवळ राहणाऱ्या माणसाला त्या फुलाचा काहीतरी उपयोग असला पाहिजे, निदान त्याची ओळख तरी, असं माझं आता मत झालं आहे. कुंपण आणि पाटी त्यानंतर.

माझ्या फोनमध्ये क्रास्नोवीचे अकरा फोटो आहेत. त्यांतल्या नऊ फोटोंत मागचा खडक, ओहोळाचं वळण किंवा समोरच्या डोंगराची धार दिसते, आणि त्या भागात फिरलेल्या माणसाला तेवढं पुरेसं आहे. उरलेल्या दोनांत फक्त एक उलटं धरलेलं फूल आणि माझं बोट दिसतं. या लेखासोबत त्या दोनांतलाच एक छापावा, असं मी संपादकांना कळवलं आहे. येत्या पावसाळ्यात तुम्ही सड्यावर, कड्यावर, कासला किंवा आणखी कुठे गेलात आणि एखादं कंदीलपुष्प दिसलं, तर जरूर फोटो काढा, मुलांना दाखवा, गावातल्या माणसाला त्याचं नाव विचारा. मात्र त्याआधी फोनमधलं ठिकाणाचं बटण बंद करा, आणि फोटो कुणाला पाठवलात तर खाली जागेचं नाव लिहू नका.